गाडी बोळाच्या मापाची घे

प्रिय भाऊ,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वखारीतलं लाकूड घरपोच द्यायचं ठरवलंस, त्यासाठी पिकअप बघून ठेवलीस, बँकेचे कागदही जमवायला लागलास. वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. धंदा कर, जरूर कर. पिकअपची घाई मात्र करू नको. का, ते सविस्तर लिहितो. हप्ते चार-पाच वर्षं चालतील, आणि तेवढी वर्षं तू कुठलं काम घ्यायचं नि कुठलं सोडायचं हे ती गाडी ठरवील.

तू हिशेब मालापासून मांडलास. दिवसाला किती क्विंटल जाईल, एका खेपेत किती बसेल, किती खेपा वाचतील. सरपणाच्या धंद्यात हिशेब दुसऱ्या टोकाकडून धरावा लागतो. लाकूड उतरवायचं कुठे? तिथवर चाक जातं का? गेलं, तर गाडी तिथून बाहेर कशी निघते? एवढं कळलं की गाडी कोणती हे जवळपास ठरलेलंच असतं.

आधी गिऱ्हाईक कोण उरलंय ते बघ. रोजच्या चुलीसाठी विकतचं सरपण घेणारी घरं शहरात आता थोडी. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांतही सिलिंडर पोचला. जे मागणारे राहिलेत ते असे: लग्नाचे आचारी, ज्यांच्या मोठ्या कढया अजून लाकडावरच चढतात, खापरावर मांडे भाजून देणाऱ्या बाया, शेवभाजीचे ढाबे, पाव-टोस्टच्या जुन्या भट्ट्या, थंडीत बंब पेटवणारी घरं, आणि स्मशान, त्याबद्दल पुढे वेगळं लिहितो. यातले ढाबे हमरस्त्यावर आहेत. तिथे ट्रकही थेट चुलीशी लागतो, म्हणूनच तिथे तुला भाव मिळणार नाही, ट्रॅक्टरवाले आधीपासून स्वस्तात टाकतात. मिळकत आहे ती गावठाणात. मांडे करणारी मावशी जुन्या जळगावच्या किंवा जुन्या धुळ्याच्या बोळात राहते, आचाऱ्याची भांडी ठेवायची खोली पेठेच्या पाठीमागे असते. "आमनी गल्लीमा गाडी येत नही, भाऊ," हे तुला सारखं ऐकू येईल. त्या गल्लीत जो लाकूड पोचवतो त्याला लोक दोन पैसे जास्त देतात आणि पुन्हा त्यालाच बोलावतात. तुझा धंदा त्या गल्लीत आहे, तेव्हा गाडीही त्या गल्लीची हवी.

म्हणून पहिलं काम म्हणजे टेप आणि वही घेऊन पायी फिरायचं. ज्या दहा-वीस ठिकाणी माल जाईल असं वाटतं तिथे सकाळी एकदा जा आणि दिवेलागणीला एकदा, कारण संध्याकाळी दुचाक्या लागल्या की गल्ली निम्मी होते. भिंत ते भिंत मोजू नको. आपल्याकडे घराला ओटा, ओट्याला पायरी, पायरीपुढे गटार. खाली ओट्या-पायऱ्यांमधली मोकळी जागा मोज, ती चाकांची. मग छातीच्या उंचीवर मोज, ती आरशांची. मग डोक्याच्या वर बघ: पन्हाळी, विजेच्या लोंबत्या तारा, आणि कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडक्या-खिडक्यांना बाहेरून कूलर लटकतात. मापं जानेवारीत घेऊन गाडी मे महिन्यात नेलीस तर गल्ली हात-दीड हात अरुंद झालेली सापडेल, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच.

धुळ्याची नवी पेठ इंग्रजांच्या काळात कॅप्टन ब्रिग्जने आखलेली, सरळ. तिथल्या नंबरच्या गल्ल्यांत गाडी एका तोंडाने शिरते आणि दुसऱ्याने निघते. जुनं धुळं, पारोळा, एरंडोल, अमळनेर, सावदा यांच्या जुन्या वस्त्यांत तसं नाही. तिथे बोळ वळतो, आणि गाडी अडते ती बहुतेक त्या वळणावर. पुढचं चाक निघून जातं, मागचं आतून कापत येतं आणि कोपऱ्यावरच्या ओट्याला लागतं. बोळ सात फुटी आहे म्हणून खूश होऊ नको. वळणाच्या दोन्ही बाजू मोज, कोपऱ्यावर दगड, नळाचा खांब, तुळशीवृंदावन काय आहे ते वहीत काढून ठेव.

आणि ढापे बघ. हे कुणी सांगत नाही, पण गावठाणात गाडी फसते ती बहुतेक ढाप्यावर. गटारीवर टाकलेल्या फरशा माणसासाठी आणि फार तर मोटरसायकलसाठी असतात. भरलेल्या छोट्या हत्तीच्या, म्हणजे टाटा एस या छोट्या चारचाकी मालगाडीच्या, मागच्या एका चाकावर साधारण पाच क्विंटल भार येतो. भरलेल्या पिकअपच्या त्याच चाकावर तो टनाच्या आसपास जातो. फरशी फुटली की चाक गटारात, लाकूड रस्त्यावर, गल्लीतले सगळे ओट्यावर, आणि ज्याच्या दारापुढचा ढापा फुटला तो पुन्हा कधी तुझ्या गाडीला वाट देणार नाही. टाचेने ढापा ठोकून बघ. पोकळ वाजला तर वहीत फुली मार.

आता गाड्यांकडे येतो. पुष्कळांना वाटतं, बोळ अरुंद आहे तर तीनचाकी घ्यावी. पण मालवाहू रिक्षा आणि छोटा हत्ती शेजारी उभे करून टेप लाव. दोन्ही रुंदीला दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पाच फुटांना थोडे कमी. रुंदीत फरक जवळपास नाहीच. फरक आहे लांबीत आणि वळणात. छोटा हत्ती ३.८ मीटर लांब, तीनचाकी त्याहून दोनेक फूट आखूड. छोट्या हत्तीची वळणाची त्रिज्या ४.३ मीटर, म्हणजे एका दमात मागे फिरायला अठ्ठावीस फूट मोकळी जागा हवी. एवढी जागा गावठाणात मारुतीच्या पारापुढे असली तर असेल. तीनचाकीला वीस-बावीस फूट पुरतात. पण बोळात ही जागासुद्धा नसते. दोन्ही गाड्यांना आत तोंडाने शिरून उलटं यावं लागतं, नाहीतर उलटं शिरून तोंडाने निघावं लागतं. मग तीनचाकीचा मोठा फायदा उरला कुठे?

लाकडासाठी तीनचाकी मला पटत नाही त्याचं खरं कारण दुसरं आहे. लाकूड जड, ते उंच रचलं जातं, आणि बोळ दोन्हीकडे गटारीला उतरता असतो. पुढे एकच चाक असलेली गाडी वळताना अशा उतारावर कलते. दुकानाचा किराणा, पाण्याचे जार, भाजीपाला यांना ती उत्तम. ओली बाभूळ भरून जुन्या गावात न्यायला ती मी माझ्या मुलाच्या हाती देणार नाही, म्हणून तुलाही सांगत नाही.

वजनाचं गणित नीट समजून घे, कारण लाकूड डोळ्यांना फसवतं. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फूट रुंद. पेलायची ताकद साडेसातशे किलोच्या घरात, मॉडेलप्रमाणे थोडी कमीजास्त. वाळलेली बाभूळ नीट रचली तर एका घनमीटरला साधारण पाच क्विंटल भरते. म्हणजे हौद्यात दीड फूट उंच रचलीस की गाडी भरली. बघणाऱ्याला ती अर्धीच वाटेल. "अजून टाक की दोन ओंडके," असं वखारीतला प्रत्येक जण म्हणेल. ओली बाभूळ असेल तर फूट-सव्वाफुटातच भार पुरा होतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग पाण्याचा असू शकतो. उन्हात नीट वाळलं की तो पंधरा-वीस टक्क्यांवर येतो. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांचं ऊन फुकट मिळतं, त्याचा उपयोग कर. फोडलेलं लाकूड दोन-तीन महिने वखारीत आडवं-उभं रचून वाळव, मगच गाडीत घाल. गाडीला पाणी वाहायला लावण्यात तुझा तोटा, आणि धूर खाणाऱ्या त्या मावशीचाही.

म्हणून हौद्याच्या आतल्या पत्र्यावर रंगाने दोन रेघा मार, वाळल्या लाकडाची एक आणि ओल्याची एक. भरणाऱ्याशी वाद नको, रेघ दाखवायची. रेघा मारण्याआधी दोनदा वजनकाट्यावर गाडी नेऊन खात्री कर, कारण निंब, सुबाभूळ, आंबा यांचं वजन बाभळीसारखं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल हौद्याबाहेर मागे, बाजूला किंवा उंच निघाला तर त्याचेही वीस हजार. शिवाय मे महिन्याच्या डांबरावर जादा भाराने टायर फुटतो ते वेगळंच.

हौद्याबाहेर निघण्याचा त्रास लाकडापेक्षा काड्यांचा जास्त. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत भरताची मागणी वाढली की कपाशीच्या आणि तुरीच्या काड्यांची मागणी येते, कारण वांगं त्यांच्यावरच भाजलं तर चव. काड्या हलक्या आणि फुगीर. तिथे वजन आडवं येत नाही, घेर येतो, आणि बोळात त्या दोन्हीकडच्या भिंती खरवडत जातात. काड्यांच्या कंबरेएवढ्या पेंढ्या बांधून हौद्याच्या लांबीच्या आत कापून घे. सैल काड्या भरून गावात शिरू नको.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, की पिकअप शेतातूनही माल उचलेल आणि गावातही देईल. माझी सगळ्यात मोठी हरकत याच वाक्याला आहे. बांधावरून वखारीपर्यंतचा प्रवास आणि वखारीपासून चुलीपर्यंतचा प्रवास ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात काळी माती, नाले, चाकोऱ्या, आणि भरपूर माल एकदम. दुसऱ्यात ओटे, ढापे, वळणं, आणि थोडा थोडा माल दहा दारी. दोन्हींना पुरेल अशी गाडी शोधायला गेलास की अशी गाडी मिळते जी काळ्या मातीत पहिल्या पावसाला रुतते आणि बोळात शिरत नाही. पिकअप ही तशीच. १.७ मीटर रुंद, पाच मीटरच्या आसपास लांब, तेरा ते सतरा क्विंटल पेलणारी. मोकळ्या रस्त्याला तिच्यासारखी गाडी नाही. तोरणमाळचा घाट किंवा चाळीसगावचा औट्रम घाट रोज चढायचा असता तर मीच तुला पिकअप घे म्हणालो असतो. पण तुझा माल तापीकाठच्या सपाटीवरचा आणि गिऱ्हाईक गावठाणातलं.

पहिल्या प्रवासासाठी ट्रॅक्टर भाड्याने लाव. आपल्या शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉलीला तोटा नाही, आणि कापूस-मक्याच्या कामातून मोकळे झालेले ट्रॅक्टर वाजवी भाड्यात मिळतात. भाड्याने लावताना ट्रॉलीची नोंदणी बघ. फक्त शेतीच्या नावावर नोंदलेली ट्रॉली धंद्याच्या मालाला चालत नाही. ती ट्रॉली मात्र गावात घालू देऊ नको. दोन चाकांची ट्रॉली उलटी घेताना ट्रॅक्टर एकीकडे आणि ट्रॉली दुसरीकडे जाते. मोकळ्या शिवारात ते सांभाळता येतं, बोळात नाही. स्वतःच्या मालकीची गाडी फक्त दुसऱ्या प्रवासाची घे. तुझं नाव, तुझा भाव, तुझं गिऱ्हाईक तिथे बनतं.

तेव्हा माझं मत छोट्या चारचाकीचं: छोटा हत्ती किंवा त्याच जातीची दुसरी. छोटा हत्ती २००५ मध्ये आला तेव्हापासून आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात त्याचा मिस्त्री आणि सुटे भाग आहेत, ही गोष्ट लहान समजू नको. लग्नाच्या आदल्या दिवशी क्लच गेला तर चोपड्यात किंवा शहाद्यात संध्याकाळपर्यंत गाडी उभी करून देणारा माणूस हवा. पेट्रोल-सीएनजीचा मोह होईल, कारण इंधन स्वस्त पडतं. पण टाकीचं वजन आधी विचार. मारुतीच्या सुपर कॅरीचंच घे, तीही छोट्या हत्तीच्याच जातीची: पेट्रोलवरची ७४० किलो पेलते, सीएनजीची ६२५. म्हणजे प्रत्येक खेपेला क्विंटलभर लाकूड कमी. शिवाय पंपावरची रांग तुझ्या वेळात धर. तुझ्या रोजच्या वाटेवर पंप असेल तरच सीएनजी.

बॅटरीवरच्या गाडीबद्दल तू विचारलंस. मी तिला नाही म्हणत नाही. गावातल्या गावात फेऱ्या, रात्री वखारीत मुक्काम, आवाज नाही, धूर नाही. पहाटे बोळात शिरायला ती चांगलीच. पण आधी एक-दोन महिने वखारीत रात्री वीज किती वेळ असते त्याची नोंद ठेव, आणि सांगितलेल्या पल्ल्यातून उन्हाळा, भरलेला हौदा आणि थांबत-थांबत चालणं यांचा बराच भाग वजा कर. वजा करूनही तुझी रोजची फेरी बसत असेल तर खुशाल घे.

हौदा निवडताना मागचा फाळका महत्त्वाचा. मोकळ्या जागी तिन्ही बाजूंनी उघडणारा हौदा सोयीचा असतो. सात फुटी बोळात पाच फुटी गाडी उभी राहिली की बाजूला फूटभर जागा उरते, बाजूचा फाळका पडणारच नाही. तिथे सगळं मागून काढायचं. म्हणून लाकूड आडवं रच आणि शेवटी द्यायचं ते आधी भर. लाकूड दीड फुटाच्या आत कापलेलं असू दे. तेवढंच चुलीत बसतं, तेवढंच आचाऱ्याला हवं असतं, आणि तेवढंच एका माणसाला हातात धरून पायरी चढता येते. वीस-वीस किलोच्या मोळ्या काथ्याने बांधून ने. मोळी मोजता येते, त्यामुळे दारात वजनावरून बोलाचाली होत नाही. आणि लाकडात विंचू असतो, हे तू जाणतोस. मोळी वखारीत बांधतानाच झटकून बांधायची, हातमोजे घालून.

एवढं करूनही काही बोळ असे निघतील जिथे छोटा हत्तीसुद्धा जाणार नाही. तुझ्या वहीत ते दिसतील, चार फुटी, पाच फुटी. तिथे गाडी घालायचा हट्ट धरू नको. तिथे लोटगाडी. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी करायची आणि मोळ्या लोटगाडीवरून आत न्यायच्या. गावात लोटगाडी भाड्याने मिळते, पण मी म्हणेन एक अरुंद, मोटरसायकलच्या चाकांची, हौद्यात मावेल अशी बनवून घे. लोहार तुझ्या मापाने करून देईल. तीन फुटांपेक्षा रुंद नको. माझ्या मते तुझ्या धंद्यातली सगळ्यात जास्त उपयोगाची गाडी ती ठरेल, मोठ्या गाडीपेक्षाही. कुणी हसलं तर हसू दे. लोटगाडी आहे म्हणूनच तुला छोटी गाडी पुरते, आणि छोटी गाडी पुरते म्हणूनच हप्ता छोटा राहतो.

वेळ सांभाळ. नळाला पाणी येण्याचा दिवस प्रत्येक भागाचा वेगळा, त्या दिवशी गल्लीभर टाक्या, ड्रम आणि पाइप असतात. बाजाराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दुकानं बसतात. लग्नाच्या घरी मांडव पडला की रस्ता बंद, म्हणून आचाऱ्याचं लाकूड मांडव पडण्याआधी पोचलं पाहिजे. हे सगळं त्याच वहीत लिहून ठेव. उतरवून झाल्यावर साल आणि भुगा झाडून ये. झाडू गाडीतच असू दे.

स्मशानाचं लिहितो म्हणालो होतो. एका चितेला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं. शहरातली स्मशानं रस्त्यावर आहेत, पण खेड्यांत ती नदीकाठी, नाल्यापलीकडे, आणि वाट शेवटी गाडवाटेची. हे लाकूड थांबू शकत नाही. रात्री फोन आला तर रात्री निघायचं, पाऊस असेल तर ताडपत्री घालून निघायचं. म्हणून वखारीच्या कोपऱ्यात एका चितेचं वाळलेलं लाकूड कायम बाजूला ठेव, ते दुसऱ्या कुणाला विकायचं नाही. पावसाळ्याआधी तुझ्या टापूतल्या प्रत्येक स्मशानाची वाट बघून ये. चाक कुठवर जातं, पुढे खांद्यावर किती अंतर न्यावं लागतं, नाल्याला पाणी आलं की कोणती दुसरी वाट. छोट्या हत्तीची चाकं लहान, काळ्या चिखलात ती बसतात, तेव्हा पावसाळ्यात या कामासाठी गावातली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर सांगून ठेव, आधीपासून, नावानिशी. त्या घराशी भावाबद्दल बोलू नको. ठरलेला एकच दर ठेव, तो आधीच गावात माहीत असू दे, आणि ज्याच्याकडे नसेल त्याच्याकडे त्या दिवशी मागू नको.

कागदांचं थोडक्यात. भरल्या गाडीचं एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही, छोटी गाडी घेण्याचा हा आणखी एक फायदा. नव्या गाडीची फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. हौद्यात मजूर बसवू नको. काही झालं तर विमा हात वर करतो. दोन माणसं केबिनमध्ये, बाकीची मोटरसायकलवर.

वनखात्याच्या कागदात मात्र तसूभरही ढिलाई नको. कुणाच्या बांधावरचं झाड असलं तरी आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा झाडांच्या तोडीला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि लाकूड हलवताना वाहतूक पास लागू शकतो. काही जातींना सूट आहे. ती यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नको. सातपुड्याकडून, यावल-रावेरच्या बाजूने कुणी रात्री स्वस्तात माल देऊ केला तर घेऊ नको. जंगलाचं लाकूड सापडलं तर त्याबरोबर गाडीही जप्त होते आणि सरकारजमा होऊ शकते, हप्ते मात्र तुझे चालू राहतात. आणि ते जंगल उरलंय ते तसंही फार थोडं आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या प्रत्येक झाडामागे सातबारा आणि सहीची चिठ्ठी फाइलला लाव.

पावसाळ्याचा विचार आताच कर. चातुर्मासात लग्नं नाहीत, लाकूड ओलं, मागणी निम्म्याच्याही खाली येते. त्या चार महिन्यांत गाडीला दुसरं भाडं मिळालं पाहिजे: खताच्या गोण्या, किराणा, घरसामान, रावेर-यावलकडची केळी. म्हणून हौद्याला लाकडासाठी काही कायमचं जोडून घेऊ नको, बाजूला उभे करायचे दांडे काढता-घालता येतील असे कर. हप्ता ठरवताना या चार महिन्यांची कमाई धर, लग्नसराईची नको.

जुनी गाडी बघतोयस असंही लिहिलंस. कल्पना चांगली आहे, पण वाळूची गाडी घेऊ नको. गिरणा आणि तापीच्या पट्ट्यात पुष्कळ गाड्यांनी रात्री वाळू वाहिली आहे, दुप्पट-तिप्पट भाराने. अशी गाडी रंग मारून चकचकीत करून विकतात. हौद्याच्या सांध्यात बोट घाल, वाळू सापडते. खाली वाकून चासीला नवं वेल्डिंग आहे का बघ, स्प्रिंगचे पाटे जादा घातलेत का मोज, मागची चाकं आतून झिजलीत का बघ. भरल्या गाडीने उलटं घेऊन बघ. रिव्हर्स पडताना आवाज आला किंवा क्लचचा वास आला तर सोडून दे, कारण तुझी निम्मी गाडी रिव्हर्समध्येच चालायची आहे. आरसी, विमा, फिटनेस, थकलेले चलान आणि बँकेचा बोजा हे सगळं नंबर टाकून ऑनलाइन दिसतं, ते बघ. वाळूच्या प्रकरणात गाडी कधी अडकली होती का, हे तहसीलला विचार.

इसार मात्र मी गाडी पाहिल्याशिवाय देऊ नको. पुढच्या आठवड्यात मी भुसावळला येतोय. बोळांच्या मापांची वही आणि त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेऊन स्टेशनवर ये, तिथून आपण दोघं मिळून गाडी बघायला जाऊ.

तुझे,
आबा